‘ब्रदर’ म्हणजे कोणता भाऊ? रोजचे इंग्रजी शब्द उझबेकमध्ये नेताना

रोजच्या इंग्रजी शब्दांची एक यादी उझबेकमध्ये, म्हणजे उझबेकिस्तानच्या भाषेत, न्यायचं काम माझ्याकडे आलं. तीतला पहिलाच शब्द होता ‘ब्रदर’. मी समोर ‘अका’ लिहून पुढे सरकलो. यादी मोठी होती, घर, बाजार, शाळा, दवाखाना असे गट पाडलेले, आणि मला वाटलं होतं आठवड्याभरात उरकेल. संध्याकाळी ताश्कंदच्या एका मित्राने पानावर नजर टाकली आणि विचारलं, “मोठा की धाकटा?” अका म्हणजे फक्त मोठा भाऊ. धाकटा तो उका. मोठी बहीण ऑपा, धाकटी सिंगिल. नुसता ‘भाऊ’ असा मोघम शब्द रोजच्या उझबेकमध्ये जवळजवळ वापरत नाहीत.

मी मराठी माणूस. दादा आणि ताई म्हणत वाढलेला. हा प्रश्न मलाच पडायला हवा होता. पडला नाही, कारण मी इंग्रजीत विचार करत होतो. पुढे बऱ्याच शब्दांवर हात भाजल्यावर एक पद्धत बसली, ती इथे मांडतो. समरकंद-बुखाऱ्याला वैद्यकीय शिक्षणाला जाणारी मुलं, फिरायला जाणारे, किंवा ॲपचा मजकूर उझबेकमध्ये नेण्याचं काम हाती आलेले, यांपैकी कुणालाही ती चालावी. गाभा एवढाच: इंग्रजी शब्दावरून थेट उझबेकवर उडी मारू नका, मध्ये मराठी वाक्यावर पाय टेका. आणि ओळखीचा वाटणारा शब्द दिसला की सावध व्हा.

आधी लिपी

उझबेक ही तुर्की कुळातली भाषा. विसाव्या शतकात तिची लिपी अनेकदा बदलली: आधी अरबी, १९२०च्या दशकाअखेर रोमन, १९४० मध्ये सिरिलिक, म्हणजे रशियन जिच्यात लिहितात ती, आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा रोमन. सिरिलिक मात्र गेलेली नाही. वयस्कर माणसं, जुनी पुस्तकं, दुकानांच्या पाट्या यांत ती भरपूर दिसते. त्यामुळे कुठलाही शब्द तपासताना तो दोन्ही लिप्यांत शोधावा लागतो. एका लिपीत चार वाक्यं सापडतात, तर दुसऱ्या लिपीत चाळीस.

रोमन उझबेक वाचताना इंग्रजी उच्चार डोक्यातून काढून टाका. साधा ‘ओ’ हा आपल्या ‘ऑ’सारखा, म्हणून पुस्तक ते ‘कितॉब’. ज्या ओच्या डोक्याशी उलटा स्वल्पविराम असतो, तो ‘ओ’ आणि ‘उ’ यांच्या मधला. ‘एक्स’ म्हणजे घशातला ख़, ‘क्यू’ म्हणजे खोल क़. ‘च’ आपल्या चहातला, चाकातला नव्हे. ‘ज’ जीवातला, जागेतला नव्हे. हे मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येतं, याचा मला अजून आनंद होतो. ‘अ’ मात्र आपल्या अ, आ आणि ॲ यांच्या अध्येमध्ये कुठेतरी पडतो, म्हणून या लेखात मी तो जसा कानाला आला तसा लिहिला आहे.

तो उलटा स्वल्पविराम शोभेचा नाही. जेवायला बसल्यावर यजमान ‘ऑलिंग, ऑलिंग’ म्हणत राहतात. म्हणजे घ्या, घ्या. एकदा मीही उत्साहाने शेजारच्या आजोबांपुढे ताट सरकवत म्हणालो, “ओलिंग!” क्षणभर शांतता, मग सगळा दस्तरखान, म्हणजे जेवायला बसलेली पंगत, हसत सुटला. ‘ऑल’ म्हणजे घे, ‘ओल’ म्हणजे मर. मी ऐंशीच्या घरातल्या माणसाला अदबीने ‘मरा’ म्हणालो होतो. कागदावर या दोन शब्दांत फरक तेवढ्या एका खुणेचा. तसाच ‘ऑत’ म्हणजे घोडा आणि ‘ओत’ म्हणजे गवत.

संगणकावर ही खूण तीन-चार प्रकारे टंकली जाते, सरळ उभ्या रेघेपासून नीट वळलेल्या स्वल्पविरामापर्यंत, आणि शोधयंत्रं त्यांना कधी वेगळं धरतात, कधी एक. कामाच्या पहिल्याच दिवशी एक चिन्ह ठरवा आणि पूर्ण यादीत तेच ठेवा. मी ते केलं नव्हतं. शेवटी दोन रात्री फक्त स्वल्पविराम बदलण्यात गेल्या.

शब्दकोश चाळताना आणखी एक गोष्ट. उलट्या स्वल्पविरामाचे ओ आणि ग, तसेच श आणि च ही स्वतंत्र अक्षरं मानतात आणि त्यांची जागा झेडच्याही नंतर असते. ‘चॉय’, म्हणजे चहा, सीच्या पानावर शोधाल तर मिळणार नाही. सी हे अक्षर तिथे एकटं येतच नाही.

इंग्रजी शब्दाचं आधी मराठी वाक्य करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इंग्रजी शब्द घ्या, तो कुठे वापरला जाणार हे विचारा आणि मराठीत एक साधं, घरगुती वाक्य लिहा. मराठीत दोन वेगळे शब्द आले, तर उझबेकमध्येही दोन असतील असं धरून चाला. नेहमी खरं ठरतं असं नाही, पण बऱ्याचदा ठरतं.

‘राइस’ घ्या. मराठीत आपण विचारतो, शेतातला की डब्यातला की पानातला? शेतात भात किंवा साळ, डब्यात तांदूळ, पानात पुन्हा भात. उझबेकमध्ये शेतातलं आणि सालासकटचं ते ‘शॉली’. कानावर पडताच साळच आठवते. कांडून आलेला तांदूळ म्हणजे ‘गुरुच’. ताटातला शिजलेला, गाजर-मांस-जिऱ्यासकट, तो ‘पालॉव’, बोलण्यात ‘ऑश’. याच पालॉवची परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आता बाजाराच्या यादीत ‘राइस’समोर ‘पालॉव’ आणि उपाहारगृहाच्या यादीत ‘गुरुच’ लिहून बघा. पहिल्यात दुकानदार गोंधळेल, दुसऱ्यात तुम्ही उपाशी राहाल.

‘अंकल’ आणि ‘आन्ट’ यांच्यासाठी तर मराठी माणूस जन्मापासून तयार असतो. मामा तो ‘तॉग़ा’, काका तो ‘अमाकी’, मावशी ती ‘ख़ॉला’, आत्या ती ‘अम्मा’. चार खाने तिकडे, चार इकडे, झाकणं बरोबर बसतात. इंग्रजीतून गेलात तर दोनच खाने हातात येतात आणि मग निम्मे नातेवाईक चुकीच्या बाजूचे होतात.

‘ओल्ड’चं तसंच. म्हातारा माणूस ‘क़री’, जुनी वस्तू ‘एस्की’. ‘एस्की दोस्त’ म्हणजे जुना दोस्त, आणि ‘क़री दोस्त’ म्हटलंत तर त्याच्या वयावर बोट ठेवलंत. ‘नो’ या क्रियापदाचे माहीत असणे आणि ओळखणे असे दोन तुकडे करा, ‘बिल्मॉक़’ आणि ‘तनिमॉक़’ मिळतील. ‘हॉट’चे गरम आणि तिखट असे तुकडे करा, ‘इस्सिक़’ आणि ‘अच्चिक़’ मिळतील, फक्त अच्चिक़ कडू चवीलाही म्हणतात हे टिपून ठेवा. ‘वेअर’ला मराठीत कपडे घालतो आणि चष्मा लावतो. तिकडेही कपडे-बूट-टोपीला ‘किय्मॉक़’, चष्मा-घड्याळ-दागिन्यांना ‘तक़्मॉक़’.

‘ग्लास’ने मला सर्वांत जास्त दमवलं. खिडकीची काच असेल तर ‘शिशा’ किंवा ‘ऑयना’. ऑयना म्हणजे आरसाही, आपला ऐना आठवा. प्यायचा पेला असेल तर रशियनमधून आलेला ‘स्ताकान’. पण चहा प्यायचं भांडं ‘पियॉला’, बिनकानाची वाटी, आपल्या प्याल्याचं सख्खं भावंड. आणि डोळ्यांवरचा तो ‘कोज़ऑयनक’, यातला ‘कोज़’ म्हणजे डोळा. हाती आलेल्या यादीत नुसतं ‘ग्लास’ एवढंच लिहिलेलं होतं. चित्र नाही, वाक्य नाही. यादी देणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, “कोणताही चालेल.” अशा वेळी भांडून वाक्य मिळवा. नाही मिळालं, तर रकान्यात चारही लिहा आणि प्रत्येकापुढे कंसात मराठीत संदर्भ टाका.

जे शब्द शब्दच नसतात

इंग्रजी यादीत ‘इन’, ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘ऑफ’ हेही शब्द म्हणून असतात. उझबेकमध्ये ते प्रत्यय आहेत. घर म्हणजे ‘उय’. घरात ‘उयदा’, घरातून ‘उयदन’, घराला किंवा घरी ‘उयगा’, घराचं ‘उयनिंग’. मराठीत ‘घर’चं आधी ‘घरा’ करावं लागतं, इथे तेही करायचं नाही, मूळ शब्दाला थेट जोडायचं. प्रत्ययामागे प्रत्यय लागत जातात: ‘कितॉब-लार-इम-दा’, पुस्तक-अनेक-माझी-मध्ये, म्हणजे माझ्या पुस्तकांमध्ये. वाक्याचा क्रमही आपलाच, कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. ‘मेन बॉज़ॉर्गा बॉरामन’ म्हणजे मी बाजारात जातो, शब्दाखाली शब्द ठेवून जुळतं.

‘हॅव’ शोधत बसू नका, असं क्रियापद तिकडे नाही. आपणही ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणतो, तसं ‘मेंदा पुल बॉर’. बॉर म्हणजे आहे, योक़ म्हणजे नाही. ‘लाइक’ला मराठीत ‘मला आवडतं’, तसं ‘मेंगा यॉक़ादी’, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण चतुर्थीत. ‘नीड’ला ‘मला पाणी हवं’, तसं ‘मेंगा सुव केरक’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना या वाक्यरचना उलट्या वाटतात. मराठी माणसाला काहीच उलटं वाटत नाही.

आणि आदर. ‘यू’ म्हटलं की आधी सेन की सिज़ हे ठरवा, तू की तुम्ही. अनोळखी माणसाला आणि वडीलधाऱ्यांना सिज़. ‘प्लीज’साठी ‘इल्तिमॉस’ हा शब्द आहे, पण प्रत्येक वाक्यात तो घालू नका. ‘बेर’ म्हणजे दे आणि ‘बेरिंग’ म्हणजे द्या, त्या ‘द्या’तच निम्मा आदर असतो, जसा आपल्याकडे. आदरार्थी बहुवचनही आहे. ‘दादम केलदिलर’ म्हणजे वडील आले, क्रियापद अनेकवचनी. ‘बाबा आले’ आणि ‘बाबा आला’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे शिकवावं लागत नाही.

मराठी दगा देते ती दोन ठिकाणी. लिंग तिकडे अजिबात नाही. तो, ती, ते तिन्ही म्हणजे एकच ‘उ’. आणि संख्येनंतर अनेकवचन होत नाही: दोन पुस्तकं म्हणजे ‘इक्किता कितॉब’, पुस्तक एकवचनीच. वस्तू मोजताना संख्येला ‘ता’ लागतो. मी सुरुवातीला सगळीकडे ‘लार’ चिकटवून ठेवले होते.

ओळखीच्या चेहऱ्यांपासून सावध

मराठीत फारसीतून आलेले शब्द भरपूर, उझबेकमध्येही. बॉज़ॉर, हवॉ, जवॉब, शहर, अनॉर, अंजीर, मेहमॉन ऐकलं की आपल्याला सगळं कळतंय असा भास होतो. इथेच पाय घसरतो.

समरकंदच्या सियॉब बाजारात मी जर्दाळूंकडे बोट दाखवून विचारलं, “क़िम्मत?” विक्रेती बाई तडक म्हणाली, “योक़, अर्ज़ॉन!” मला वाटलं ती भाव सांगायला नकार देतेय. क़िम्मत म्हणजे महाग. मी तिच्या मालाला महाग म्हणत होतो आणि ती ‘नाही, स्वस्त!’ म्हणत होती. भाव विचारायचा तर ‘क़ंचा?’ म्हणा, किंवा ‘नेचा पुल?’ पुल म्हणजे पैसे. नदीवरचा पूल तो ‘कोप्रिक’.

शाळेच्या गटात ‘नोटबुक’ला ‘दफ्तर’ आलं. म्हणजे वही. आपलं दप्तर तीच वही पाठीवर वाहून नेतं. ‘क़लम’ म्हणजे पेन्सिल, आणि पेन तो ‘रुच्का’. ‘ख़त’ म्हणजे पत्र, शेतात टाकायचं नव्हे. ‘कम’ म्हणजे कमी, काम म्हणजे ‘इश’. ‘सब्ज़ी’ म्हणजे गाजर आणि फक्त गाजर. ‘बॉला’ म्हणजे मूल. एका आईला पोराच्या मागे ‘बॉलाम, बॉलाम’ करत धावताना बघून आपल्याला वाटतं ती बोलायला सांगतेय.

घरातल्या नात्यांत तर पूर्ण गोंधळ. उझबेक ‘दादा’ म्हणजे वडील. ‘अका’ म्हणजे मोठा भाऊ, आपली अक्का मोठी बहीण. ‘अम्मा’ आत्या. एका कुटुंबाच्या फोटोखाली मी नावं टाकली होती तेव्हा अर्धं घर लिंग बदलून बसलं होतं.

माझा नियम असा झाला: उझबेक शब्द मराठीसारखा वाटला की त्याच्यापुढे लाल ठिपका. लाल ठिपक्याचा प्रत्येक शब्द वाक्यात बघितल्याशिवाय यादीत जाणार नाही. अनोळखी शब्दांना एवढी तपासणी लागत नाही, कारण तिथे आपण आपणहून कोश उघडतो.

रशियनच्या वाटेने आलेले

नव्या वस्तूंची नावं मराठीने पोर्तुगीजांकडून, इंग्रजांकडून घेतली: बटाटा, पाव, टोमॅटो. उझबेकने रशियनकडून घेतली: कर्तॉश्का, पॉमिदॉर, स्ताकान. जानेवारी-फेब्रुवारीही ‘यन्वर’, ‘फेव्राल’. यांत इंग्रजीसारखे दिसणारे काही फसवे आहेत. ‘मशीना’ म्हणजे बोलण्यात मोटारगाडी. ‘मगज़ीन’ म्हणजे दुकान, आणि इंग्रजी मॅगझीनला ‘जुर्नाल’. दुकानाला शुद्ध शब्दही आहे, ‘दोकॉन’. पाठ्यपुस्तकात दोकॉन लिहा, संवाद शिकवत असाल तर मगज़ीनही द्या, कारण रस्त्यावर दोन्ही ऐकू येतात.

अर्ज भरताना लागणारा फसवा शब्द म्हणजे ‘फमीलिया’. एका विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या अर्जावर तिथे ‘आई, बाबा, भाऊ’ असं लिहून दिलं होतं. फमीलिया म्हणजे आडनाव. कुटुंब म्हणजे ‘ऑइला’. नावाला ‘इस्म’. आणि वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो, ‘ऑतासिनिंग इस्मी’. इंग्रजी ‘मिडल नेम’मुळे इतरांची धांदल उडते. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही तिघं जन्मदाखल्यापासून रांगेत उभी असतात, तशीच भरून टाका.

वारांची नावं मात्र फारसी, आणि त्यांत मोजणी आहे. शनिवार ‘शंबा’. त्यानंतरचा पहिला ‘यक्शंबा’, रविवार. मग ‘दुशंबा’ सोमवार, ‘सेशंबा’ मंगळवार, ‘चॉरशंबा’ बुधवार, ‘पयशंबा’ गुरुवार. शुक्रवार ‘जुमा’. ‘दु’ बघून मंगळवार लिहिणारे बरेच असतात. शनिवारपासून मोजा, चुकणार नाही.

पडद्यावरची बटणं

ॲप किंवा संकेतस्थळाच्या यादीत इंग्रजी ‘सेव्ह’, ‘सेंड’, ‘डिलीट’ ही आज्ञा आहे की कामाचं नाव, ते दिसत नाही. उझबेक बटणांवर बहुधा ‘श’ने संपणारं नाम असतं: ‘सक़्लश’ जतन करणे, ‘युबॉरिश’ पाठवणे, ‘बेकॉर क़िलिश’ रद्द करणे. यातला क़िलिश म्हणजे आपलं ‘करणे’, आणि बेकॉरमध्ये बेकार डोकावतोच. माणसाला उद्देशून सूचना असेल तर ‘युबॉरिंग’, पाठवा. एका पडद्यावर दोन्ही तऱ्हा मिसळू नका.

‘ओचिरिश’पाशी थांबा. याचा अर्थ पुसणे, काढून टाकणे आणि बंद करणेही, दिवा किंवा यंत्र. म्हणजे ‘टर्न ऑफ’ आणि ‘डिलीट’ दोन्ही तिथे येऊन बसतात. एकाच पडद्यावर दोन्ही बटणं असतील तर कशाचं ओचिरिश ते शेजारी लिहावंच लागतं. आणि ‘युजर’ म्हणजे ‘फॉयदालानुवची’. त्यात फायदा दडलेला आहे, फायदा करून घेणारा. मराठीत कुणाला असं म्हटलं तर भांडण होईल, तिकडे तो बिचारा नुसता वापरकर्ता.

तपासणी

यादी झाली की उझबेक रकाना तसाच ठेवून इंग्रजी रकाना झाकायचा आणि उलट भाषांतर करायचं, स्वतः नव्हे, कोश बघून. ‘क़लम’ उलटा केला की ‘पेन्सिल’ येतं, आणि मूळ यादीत ‘पेन’ असतं तर चूक तिथेच सापडते. वस्तूंसाठी चित्रांचा शोध त्याहून बरा. ‘सब्ज़ी’ टाकलं की पडदाभर नारिंगी गाजरं येतात, शंका उरत नाही.

शेवटी उझबेक माणसाला दाखवायचं. तेव्हा ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. समोरचा माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही, तो म्हणेल, “हा, बोलादी.” हो, चालेल. आपल्या ‘चालेल’इतकंच ते निरुपयोगी आहे. मी आता दोन वाक्यं लिहून नेतो, एक माझ्या शब्दाचं, एक दुसऱ्या पर्यायाचं, आणि विचारतो, यातलं तुमची आई कुठलं म्हणेल? मग माणूस क्षणभर थांबतो, ओठांतल्या ओठांत दोन्ही म्हणून बघतो, आणि बरेचदा दोन्ही खोडून तिसरंच लिहून देतो.